जिन्याचे सागवान आणि त्याची निगा

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरसारख्या गावात जुना वाडा उतरवायला काढला की जुन्या लाकडाचा व्यापारी आधी खांब मोजतो. मग तुळया, कड्या, दाराच्या चौकटी. सागवानाचा भाव घनफुटावर ठरतो, त्यामुळे लांब, सरळ, अखंड लाकडाला किंमत येते. नक्षीचा खांब पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या हॉटेलात किंवा फार्महाउसच्या व्हरांड्यात पुन्हा उभा राहतो. जिन्याला मात्र गिऱ्हाईक नसते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड फळ्यांना पायऱ्यांसाठी खाचा पाडलेल्या असतात, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात आणि दुसऱ्या कामाला येईल असा धड लांबीचा तुकडा त्यातून निघत नाही. म्हणून जिना जळणात जातो. वाड्याचे बाकीचे लाकूड कुठे ना कुठे जगते, जिना तेवढा कायमचा संपतो.

रेणापूर, औसा, उदगीर, कंधार, देगलूर अशा जुन्या पेठांच्या गावांत हे कित्येक वर्षे चालू आहे. आणि त्याच काळात लातूर-नांदेडच्या नव्या वसाहतींत बंगल्याच्या दिवाणखान्यात लाकडी जिना परत आला आहे. मापाने खास करून घेतलेला, काचेच्या कठड्याचा, पायरीखाली दिवे बसवलेला. लोक हौसेने आणि पुष्कळ पैसे मोजून तो करून घेतात. जुना जिना का गेला याचा हिशेब मांडला नाही, तर या नव्याचीही गत तीच होणार. माझे म्हणणे असे आहे की लाकडाने मराठवाड्याला दगा दिला नव्हता. लाकडाची निगा राखणारी घडी मोडली, आणि ती मोडली हे आपल्या लक्षातही आले नाही.

जुनी रचना आधी समजून घेऊ. आपल्याकडचे घर खणांवर मोजले जाई. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद. दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, जुनी तशीच राहायची. असे करत करत कित्येक घरांवर मातीचा थर दीड-दोन फुटांच्या पुढे गेला. भोवती दोन-तीन फूट जाडीची, कुठे त्याहूनही रुंद दगडी भिंत. पण छताचा भार बहुतेक खांबच पेलत. भिंत उन्हापासून, चोरापासून आडोसा म्हणून असे. हे नीट ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

ज्याला माडी होती त्याच्याकडे जिना होता. सगळ्यांकडे नव्हता, आणि हे सांगितल्याशिवाय वाड्यांविषयी बोलू नये. गावातली बहुतेक घरे एकमजली. माळवदावर कुरडया-शेवया वाळत घालायला किंवा उन्हाळ्यात झोपायला जायचे तर भिंतीला टेकवलेली शिडी पुरे. जिना देशमुख-देशपांड्यांच्या, पाटलांच्या आणि सावकारांच्या घरी. ज्या सुताराने तो घडवला त्यालाही काम संपल्यावर सहज वर जायची मुभा राहत नसे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना तर दारालगतच्या ढाळजेच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. त्या जिन्यातल्या कसबाचा गौरव करताना ही गोष्ट झाकायची नाही.

कसब मात्र मोठे होते. वाड्यातला जिना अरुंद आणि उभा असतो, म्हणून आजचा पाहुणा त्याला अडाणी ठरवतो. जरा हिशेब करून पाहा. खालच्या जमिनीपासून माडीच्या जमिनीपर्यंत नऊ फूट, म्हणजे एकशेआठ इंच उंची धरली आणि पायरीचा चढ नऊ इंच ठेवला तर बारा चढ होतात. पाऊल ठेवायची फळी आठ इंचांची घेतली तर अकरा फळ्यांना सात फूट चार इंच जागा लागते. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या जिन्याचा चढ १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि पायरीची रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. त्या मापाने त्याच उंचीला पंधरा चढ पडतात, दहा इंची चौदा फळ्या लागतात आणि लांबी अकरा फूट आठ इंचांवर जाते. हा चार-साडेचार फुटांचा फरक वाड्याच्या सुताराला परवडणारा नव्हता. जिन्यासाठी माडीच्या जमिनीत भोक ठेवायचे म्हणजे तेवढ्या कड्या मध्येच तोडून त्यांची टोके आडव्या लाकडावर टेकवायची. भोक जितके लांब तितका त्या आडव्या लाकडावर ताण अधिक. चढ उभा ठेवण्यामागे एवढा विचार होता.

दुसरे कारण भीतीचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या मुलखाने पेंढारी पाहिले, निजामी अंमलातली वसुली आणि दरोडे पाहिले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त होईपर्यंत रझाकारांचे दिवसही पाहिले. जिना एका वेळी एकच माणूस चढेल इतका अरुंद, बहुधा भिंतीच्या जाडीत किंवा कोपऱ्यात लपवलेला, आणि माथ्यावर जाड फळ्यांचे आडवे झाकण. वरून ते टाकून त्यावर धान्याची दोन पोती ठेवली की खालच्याला वर येणे अवघड. ज्वारीचे बळद, म्हणजे धान्याचे बंदिस्त कोठार, अनेक घरांत माडीवरच्या तोंडातून भरले जाई, म्हणून हाच जिना सुगीत पाठीवर पोते घेतलेल्या गड्याला चढावा लागे. झिजलेल्या पायऱ्या त्या ओझ्याच्या खुणा आहेत.

आता बसवणीकडे येऊ. पहिली पायरी, कधी पहिल्या दोन, दगडाच्या. लाकडाने जमिनीची ओल पिऊ नये आणि वाळवीला सरळ वाट मिळू नये म्हणून. तिच्यावर बाजूच्या दोन फळ्या टेकवायच्या. प्रत्येक फळीवर आधी पट्टीने चढ आखून घ्यायचा, कारण जिन्याचे सारे मर्म चढ सारखे असण्यात आहे. एका चढात दोन-तीन सुतांचा फरक पडला तर डोळ्याला दिसत नाही, पण पाय ठेचकाळतो. युरोपात सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंदेल या वास्तुशास्त्रज्ञाने नियम मांडला की चढाची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यावी. आजच्या संहितेतले आकडे मिळवून पाहा, १९० ची दुप्पट अधिक २५० म्हणजे ६३०. चालणाऱ्या माणसाचे पाऊल साधारण तेवढेच. आपल्या सुताराने हा नियम वाचला नव्हता. पट्टी आणि गुण्या घेऊन तो प्रत्येक घराच्या उंचीला नव्याने भाग देत होता, आणि जागा नसेल तिथे नियम कुठे मोडायचा हेही त्याला ठाऊक होते. पायरीच्या टोकाचे कुसू बाजूच्या फळीतून आरपार काढून बाहेरून पाचर ठोकायची. खिळा नाही. पाचर ढिली झाली की ठोकून घट्ट करता येते, फळी झिजली की काढून उलटी बसवता येते. दुरुस्ती करता यावी अशाच बेताने तो जिना रचलेला असे.

दुरुस्ती करणारा माणूसही गावातच असे. बलुत्याच्या रीतीत सुताराकडे शेतीची अवजारे असत: नांगर, तिफण, कुळव, गाडीचे चाक. त्याबद्दल सुगीला धान्य. घरबांधणीचे काम बहुधा या बलुत्याबाहेर, वेगळ्या मोबदल्यावर व्हायचे. पण ज्याने जिना केला तो, किंवा त्याचा मुलगा, वर्षातून दहा वेळा त्याच वाड्याच्या दारात तिफण घेऊन यायचा. जिना करकरतो म्हटल्यावर वाकस आणि मोगरी घेऊन दोन पाचरी ठोकून जायचा. बलुतेदारी अन्यायाची होती, पिढ्यान्‌पिढ्या माणसाला एका धंद्याला आणि एका दाराला बांधून ठेवणारी होती, आणि ती गेली हे बरेच झाले. पण तिच्याबरोबर लाकडावर वर्षभर असणारी नजरही गेली. त्या नजरेच्या जागी रास्त मजुरीवरची दुसरी सोय यायला हवी होती. ती आली नाही.

त्यानंतरची पडझड हळूहळू झाली. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने मोठ्या जमीनदारांचा पाया हलला, आणि ते न्यायाचेच होते. वाड्यांत वाटण्या झाल्या. खोल्या वाटता येतात, जिना वाटता येत नाही. चार भावांच्या सामाईक जिन्याची पायरी मोडली तर सुतार कोणी बोलवायचा, हा प्रश्न मराठवाड्यातल्या कित्येक घरांत वीस-वीस वर्षे तसाच पडून राहिला. मुंबईच्या चाळींत हाच प्रश्न आला तेव्हा सरकारने १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, उपकर बसवला आणि सामाईक लाकडी जिने-सज्जांची जबाबदारी एका मंडळावर टाकली. ते काम कसे झाले हा वेगळा विषय. तरी सामाईक लाकडाला सामाईक मालक लागतो, एवढे त्या कायद्याने कबूल केले. आमच्या गावांना तसे काहीच मिळाले नाही.

आणि मग १९९३ आले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, गणपती विसर्जन करून थकून झोपलेल्या गावांवर किल्लारीचा भूकंप कोसळला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. रेणापूर किल्लारीच्या उत्तरेला बरेच दूर, पण त्या रात्रीनंतर जिल्ह्यात असे घर उरले नाही जिथल्या माणसांना दगडमातीच्या छताखाली निर्धास्त झोप लागली. या मृत्यूंबद्दल लिहिताना हात जड होतो. तरीही त्यांचे कारण अचूक सांगणे हे आपले कर्तव्य आहे, कारण चुकीच्या कारणावर पुढची तीस वर्षे उभी राहिली.

माणसे मारली ती भिंतींनी आणि मातीने. त्या भिंतींना दोन बाजूंना दगडांचे दोन थर आणि मध्ये चुरा असे, दोन्ही थरांना एकमेकांत गुंफणारे लांब दगड नसत, आणि सांधायला चिखल. धक्क्याने भिंत उभी चिरली आणि दोन्ही बाजूंना ढासळली. वर माळवदाचे टनावारी ओझे. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे नोंदवले ते मराठवाड्याच्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवे: जिथे खणांचा लाकडी सांगाडा धड होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभे राहिले आणि त्याखालची माणसे वाचली. जिथे खांब नव्हते, छत थेट भिंतीवर टेकलेले होते, किंवा लाकूड कुजलेले आणि सांधे ढिले होते, तिथे सगळेच खाली आले.

सरकारी यंत्रणेला हे कळले होते. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या भूकंप पुनर्वसन प्रकल्पात नव्या वसाहतींच्या बरोबरीने लाखोंच्या संख्येने घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाती घेतले गेले. माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार बांधणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घाला, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू द्या, असे साधे उपाय त्यात होते. म्हणजे शास्त्राचे म्हणणे होते की लाकडी सांगाडा ठेवा आणि आणखी घट्ट करा. लोकांच्या मनाने निकाल वेगळा दिला. दगड, माती आणि लाकूड एकाच गाठोड्यात बांधून गुन्हेगार ठरवले गेले, आणि सिमेंटचा स्लॅब म्हणजे जीव वाचणे असे समीकरण पक्के झाले. ज्याने घरातली माणसे ढिगाऱ्याखालून काढली त्याला या भीतीबद्दल दोष देता येत नाही. पण भीतीला धोरण बनवायचे नसते. १७५५ च्या भूकंपात लिस्बन शहर जमीनदोस्त झाले तेव्हा पुनर्बांधणीत तिथल्या शासनाने दगडी भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालायची पद्धत रूढ केली. काश्मीरमध्ये २००५ च्या भूकंपानंतर लाकडी चौकटीत चिणलेल्या धज्जी देवारी भिंतींकडे अभियंते नव्या आदराने पाहू लागले. आपल्याकडे तो सांगाडा शेकडो वर्षे आयता होता, आणि आपण तो घनफुटाच्या भावाने विकायला काढला.

लाकूड महागण्याचाही यात हात आहे. रेणापूरच्या वाड्यांना लागणारे सागवान किनवट-माहूरच्या आणि त्यापलीकडच्या आदिलाबाद-चांद्याच्या रानांतून येणे सोयीचे होते. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या जंगलतोडीवर आणि सॉ मिलांवर लगाम घातला. तो आवश्यक होता. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा बर्मा टीकवर चालणारा बाजार आणखी आवळला. आपले सागवान आजही किती मोलाचे आहे हे पाहायचे तर २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून मिरवणुकीने निघालेले लाकूड आठवावे. त्याच जातीचे आणि अधिक जुने, अधिक मुरलेले लाकूड आमच्या गावठाणात जिन्याच्या रूपाने चुलीत जाते.

आता नव्या जिन्यांकडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. आजचा लाकडी जिना बहुधा काँक्रीटच्या तिरप्या स्लॅबवर किंवा लोखंडी चॅनेलवर बसवलेल्या लाकडी फळ्यांचा असतो. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की तो घाईने होतो. लाकूड वखारीतून येते, आठ दिवसांत रंधले जाते, पंधराव्या दिवशी पॉलिश चढते आणि वास्तुशांत होते. लातूरची हवा लाकडाला सोपी नाही. चार महिने दमट, मग एप्रिल-मे मध्ये चाळिशीपार ऊन आणि हाडे कोरडी करणारा वारा. दहा इंच रुंदीची फळी दमट असताना बसवली तर पहिल्याच उन्हाळ्यात जवळपास सूतभर आकसते. मग फट दिसते, पायरी करकरते, गोंदाचा सांधा सुटतो, आणि मालक म्हणतो की लाकूड फसवे. लाकूड दहा-बारा टक्के ओलीवर येईपर्यंत सावलीत हवेशीर थप्पी लावून ठेवायला हवे. ओल मोजायचे छोटे यंत्र आज सहज मिळते, आणि जिन्याचे काम घेणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीकडे ते असलेच पाहिजे. फळीखाली काँक्रीट असेल तर ते पूर्ण वाळलेले हवे, मध्ये ओल अडवणारा थर हवा, आणि फळीला आकसायला-फुगायला जागा ठेवून स्क्रू बसवायला हवेत. पांढरट रसकाठ कापून टाकायला हवे, कारण वाळवीला सागवानाचा गाभा नकोसा असतो पण रसकाठ चालते. हे सगळे माहीत असलेले कारागीर आजही आहेत. त्यांना वेळ दिला जात नाही.

आणि निगा. जिना बसवून बिल चुकते झाले की सुतार आणि घर यांचा संबंध संपतो. तो कारागीर बहुतेक वेळा राजस्थानातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, पुढच्या वर्षी तो कुठे असेल ते त्यालाही सांगता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. लिफ्टसाठी, आरओसाठी, एसीसाठी आपण वर्षाचा करार करतो. रोज म्हाताऱ्या आईवडिलांच्या पायाखाली येणाऱ्या जिन्यासाठी करत नाही. वर्षातून एक दिवस, पावसाळ्याआधी, एका जाणत्या सुताराने कठडा हलवून पाहावा, पायऱ्या ठोकून आवाज ऐकावा, पाचरी आणि स्क्रू आवळावेत, तळाच्या पायरीपाशी वाळवीच्या मातीच्या रेघा शोधाव्यात, जिथे पॉलिश उडाले तिथे जवसाच्या तेलाचा किंवा पॉलिशचा हात फिरवावा. एवढ्यावर सागवानाचा जिना तीन पिढ्या सहज जातो. हे बलुते नव्हे. रोख मजुरीचे, सन्मानाचे, कोणत्याही जातीच्या मुलामुलीने शिकून करावे असे काम आहे.

ते शिकायचे कुठे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे, पण जिना हा विषय त्यात मानाने यायला हवा. चढ मोजणे, कड्या तोडून भोक बांधणे, आरपार कुसू आणि पाचर, जुन्या जिन्याची दुरुस्ती, भूकंपात सांधा कसा वागतो. या शिक्षणासाठी उत्तम नमुने आपल्या गावठाणांत उभे आहेत, काही महिन्यांनी नसतील. म्हणून माझी रेणापूरच्या नगरपंचायतीला आणि लातूर-नांदेडच्या तशा प्रत्येक संस्थेला विनंती आहे की वाडा पाडण्याच्या अर्जावर एक रकाना वाढवावा. पाडण्याआधी जिन्याची उंची, चढ, पायरीची रुंदी, फळीची जाडी, सांध्याचा प्रकार आणि झाकण असेल तर त्याचे माप लिहून, चार बाजूंनी फोटो काढून तो कागद जोडल्याशिवाय परवानगी देऊ नये. आणि जो जिना अजून सांध्यात शाबूत आहे तो जळणात न जाता जवळच्या प्रशिक्षण संस्थेत पोचवावा, तिथल्या मुलांनी तो उलगडून पुन्हा जोडून पाहावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. टेप, वही, मोबाइल आणि एका कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस एवढेच लागते. यंदाचा पावसाळा उघडून पाडकामे सुरू व्हायच्या आत तो रकाना छापून यावा.